नकलेवरून नक्कल

१

त्याला सगळे सूतभर म्हणत. नाव त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. पंचवीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि प्रत्येक पाटीखाली उभं राहून एकच वाक्य म्हटलं, की सूतभर इकडं आलंय. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गिऱ्हाइकाला तो दिसायचाही नाही. पण हा बहाद्दर पुन्हा शिडी लावणार, काना खरवडून पुन्हा काढणार आणि खाली गिऱ्हाईक घड्याळ बघत ताटकळणार. पुढे छापील पाट्या आल्या. तासाभरात हवी तेवढी लांब पाटी यंत्रातून निघायला लागली, तशी त्याची शिडी भिंतीला टेकली ती टेकलीच. बेचाळिसाव्या वर्षी हातात कसब आहे आणि हाताला काम नाही, अशी गत झाली.

धाकट्या बहिणीनंच त्याला बाईंच्या वर्गात ढकललं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, आणि दादाचं तोंड उतरलेलं तिला भिंगाशिवाय दिसत होतं. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि तो पंधराचा. तेव्हापासून घरात ही दोघंच. त्यानं तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसला, परीक्षेला पोचवायला गेला. तिच्यापायी लग्न केलं नाही असं लोक म्हणत. तो म्हणे, मला कुणी विचारलंच नाही. लहानपणी तो पाटीवर अक्षरांच्या कडा आखायचा आणि धाकटी आत रंग भरायची. रेषेबाहेर एक थेंब जायचा नाही. तीच आता म्हणाली, अक्षरं खूप झाली दादा, आता माणसं काढायला शीक.

बाईंचा वर्ग म्हणजे एका जुन्या कारखान्याचा वरचा मजला. उत्तरेकडं भिंतभर खिडक्या, त्यामुळे सावल्या दिवसभर जागच्या हलत नसत. वर्षभर त्यांनी त्याच्याकडून बरण्या आणि घडी मोडलेली कापडं रंगवून घेतली. मग एक दिवस त्याला आतल्या खोलीत नेलं, एका ईझलवर एक जुन्या धाटणीचं चित्र लावलं आणि ते उलटं केलं, डोकं खाली, पाय वर.

बाईंची पद्धत अशी होती. छापील चित्रावरून तैलरंग शिकता येत नाही, रंगाची नक्कल रंगावरूनच व्हायला हवी. म्हणून प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं आधीच्या विद्यार्थ्यानं केलेल्या नकलेवरून नक्कल करायची. आणि करायची ती उलटी, चौकटी आखून, एका वेळी एक चौकट, बाकीचं चित्र पुठ्ठ्यानं झाकून.

"हात म्हणालास की तुझ्या डोक्यातला हात कॅनव्हासवर येतो," बाई म्हणाल्या. "नावं विसर. डाग बघ. इथं काळा, इथं पिवळट, इथं त्याहून थंड. गोष्ट काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

हे त्याला पटलं. पाटी रंगवतानाही तो कधी मजकूर वाचत नसे.

२

सात आठवडे त्यानं डोळ्यात तेल घालून डाग काढले. आधी मातकट तपकिरी, मग त्यावर राखाडी थर. राखाडी वाळल्यावर बाईंनी दोन्ही चित्रं सुलटी केली आणि सूतभरनं पहिल्यांदा बघितलं की आपण इतके दिवस काय काढत होतो.

एक फरसबंद चौक होता. फरशीवर एक माणूस उताणा पडलेला, मान जवळजवळ धडावेगळी. त्याच्याजवळ दुसरा एक माणूस, उघड्या दंडांचा, हातात आखूड रुंद पात्याचा सुरा. तो वाकलेला नव्हता. काम उरकून सरळ झाला होता आणि कमरेतून वळला होता, उजवीकडच्या दाराकडं. दारात एक बाई उभी होती, हात अर्धवट वर उचललेला. उजेड डावीकडून येत होता.

जुन्या काळच्या चित्रांत खून असायचेच. ती माणसं देवळाच्या भिंतींपासून राजाच्या दिवाणखान्यापर्यंत कुठेही मुंडकी टांगत. सूतभरला खुनाचं काही वाटलं नाही. त्याला वाटलं ते कोपराचं. सुरेवाल्याचं कोपर मूळ चित्रापेक्षा तीन सूत वर आलं होतं.

त्यानं दोऱ्यानं मोजलं. चौकटी दोन्हीकडं बिनचूक होत्या. चौकटीच्या आतली रेषाही, उलटी धरून बघितली तर, जिथल्या तिथं होती. सुलटी केली की कोपर तीन सूत वर. टाचही. मूळ चित्रात टाच फरशीला टेकलेली होती, याच्या चित्रात तिच्याखाली उजेडाची बारीक फट होती. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून तीन सूत गेले नव्हते.

बाई हसल्या. म्हणाल्या, नवशिक्याच्या हातून बोटबोट इकडंतिकडं होतं, तुझं तीन सूत म्हणजे पाठ थोपटण्याजोगं. यंत्र असतास तर छापखान्यात असतास. मग त्यांनी रक्ताकडं बोट दाखवून सांगितलं की उद्यापासून रंग, आणि रक्त लाल नसतं हे ध्यानात ठेव. ते तपकिरी असतं, लाल असते ती फक्त कड.

३

चूक आपली नसेल तर आधीच्याची असेल, असं त्यानं धरलं. आधीची नक्कल दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं केली होती. त्यानंच कोपर खाली घेतलं असणार, आणि आपला हात नकळत खऱ्या जागी गेला असणार. हे तपासायला सोपं होतं. सगळ्या जुन्या नकला मागच्या खोलीत मांडणीवर उभ्या खोचून ठेवल्या होत्या, पाठीवर क्रमांक आणि करणाऱ्याचा धंदा लिहिलेल्या. ईझलवरची धरून एकूण सत्तावीस.

बाई दुपारी जेवून तासभर आडव्या व्हायच्या. तेवढ्यात त्यानं एकेक चित्र काढून बाहेरच्या लांब बोळात भिंतीला टेकवून ठेवलं, एकापासून सत्ताविसापर्यंत ओळीनं. मग या टोकाला परत आला आणि कोपर बघत बघत चालायला लागला.

पहिल्या चित्रात खाली पडलेला माणूस पडलेला नव्हता. गुडघ्यावर होता, हात जोडलेले. सुरेवाल्यानं त्याचे केस मुठीत धरले होते आणि सुरा डोक्याच्या वर होता. दुसऱ्यात सुरा थोडा खाली. तिसऱ्यात आणखी थोडा. सूतभर चालत राहिला आणि सुरा खाली येत राहिला. सहाव्या चित्रापाशी तो मानेला टेकला. सातव्यात आत होता. आठव्यात जोडलेले हात सुटले, नवव्यात ते सुऱ्याला धरायला गेले, दहाव्यात बोटं नव्हती. अकरा, बारा, तेरा. मान मागं गेली, तोंड उघडलं. पुढच्या पाच चित्रांत तो नुसता चिरला जात होता आणि त्याचे डोळे तेवढे जागेवर होते. एकोणिसाव्यात गुडघे गेले. एकविसाव्यात तो फरशीवर होता. मग सुरेवाला कणाकणानं सरळ झाला. पंचविसाव्यात त्यानं मान वळवली. सव्विसाव्यात खांदा. सत्ताविसाव्यात कंबर.

सूतभर थांबला. चित्रांची ओळ संपली होती, पुढं रिकामी भिंत होती. आपलं चित्र तिथं ठेवलं तर सुरेवाल्याचं पाऊल नेमकं कुठं पडेल, हे त्याला त्या रिकाम्या भिंतीवर दिसलं.

तो समजूतदार माणूस होता. त्यानं स्वतःला समजावलं की हा कानगोष्टीचा खेळ आहे, एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, शेवटी भलतंच निघायचं. पण चुका कशा होतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. हात चुकतो तो कधी इकडं, कधी तिकडं. सत्तावीस माणसांचे सत्तावीस हात तीस वर्षं एकाच दिशेनं चुकत नाहीत.

बाई उठून आल्या तेव्हा तो तिथंच उभा होता. त्याला वाटलं होतं त्या चिडतील. त्या नाक लावून एकेका चित्रापाशी गेल्या, सोळाव्याच्या सावल्या मळल्यात म्हणाल्या, तेविसाव्याच्या हाताचं कौतुक केलं. प्रत्येक नक्कल त्यांनी आजवर फक्त आधीच्या नकलेशी ताडून बघितली होती. सूतभरनं पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवून बघायला सांगितलं.

"ही दोन वेगळी चित्रं आहेत का रे?" त्यांनी विचारलं. मग पहिल्याच्या कडेला बोट लावून म्हणाल्या, "हे माझं. मीही कुणाच्या तरी नकलेवरूनच केलं. तेव्हा तो माणूस अजून उभाच होता, असं काहीसं आठवतं. चुकलं असेल माझंच."

४

चेहऱ्यांचं त्याच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. सत्ताविसाव्या चित्रातल्या सुरेवाल्याचा जबडा आणि बसकं नाक त्यानं कुठंतरी बघितलं होतं. कंपाउंडर वर्ग सोडायच्या आधी महिनाभर दोघांची गाठ पडायची. तेच नाक. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्यात काय नवल. नवशिक्याचा हात ओळखीच्या चेहऱ्याकडं ओढतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसं ते कॅनव्हासवर दिसतं. प्रत्येक जण शेवटी आपलं घरच रंगवतो.

तो दवाखान्यात गेला. कंपाउंडर खिडकीमागं गोळ्यांच्या पुड्या बांधत होता. आत पडद्याच्या दाराशी त्याची बायको स्टुलावर बसली होती. तिच्या कानामागून गळ्याच्या खड्ड्यापर्यंत एक जाड, चकचकीत व्रण उतरला होता. सूतभरनं पटकन नजर काढली, पण वहिनींना त्याची सवय झालेली असावी. त्यांनीच सांगितलं की पट्ट्या कापताना यांचा हात निसटला. मी चहा घ्यायला बोलवायला दारात आले आणि हे वळले. सतरा टाके पडले. पण शिवलं मात्र यांनीच, हो, डॉक्टर यायच्या आत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला, असं म्हणून त्या हसल्या. हसताना व्रण एका बाजूनं ताणला गेला.

कंपाउंडर हसला नाही. सूतभर निघाला तसा तो पायरीपर्यंत आला.

"तुमच्यात तो किती पुढं आलाय?" त्यानं हळूच विचारलं.

सूतभर म्हणाला, टाच उचललीय.

"माझ्यात नुसता वळला होता," कंपाउंडर म्हणाला. "मीही नुसता वळलो होतो. तुम्हाला घरी कोण कोण आहे?"

५

तो सरळ वर्गात गेला आणि दारातल्या बाईचा चेहरा बघितला. अजून रंग चढला नव्हता, नुसता राखाडी थर होता. तरी कानाची पाळी धाकटीची होती, जरा पुढं आलेली, चष्म्याच्या काड्या जिथं नीट बसत नाहीत अशी. हनुवटी धाकटीची होती. सुरेवाल्याची मान कुणाची हे बघायला आरसा लागत नव्हता. डाव्या बाजूला शिडीवरून पडल्याची खूण होती.

त्यानं पॅलेट नाइफनं दारातल्या बाईचा चेहरा खरवडला. कॅनव्हासचे धागे दिसेपर्यंत खरवडला. मग सुरेवाल्याचाही. त्या जागी मुद्दाम कुणाचेच नाहीत असे चेहरे काढले, अंड्यासारखे गुळगुळीत. पाऊल खरवडून टाच खाली टेकवली. बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. शिकणाऱ्याला एकदा असा झटका येतो म्हणे.

सकाळी रंग अजून चिकट होता. पाळी पुन्हा पुढं आलेली होती. टाचेखाली आता अख्खं बोट जाईल एवढी फट होती. रात्रीतून कुणी येऊन हे केलं असेल, असं धरायलाही तो तयार झाला. पण प्रत्येक फटकारा त्याचा होता. पाटी रंगवणाऱ्याला स्वतःचा फटकारा ओळखू येतो, तो शेवटाला जरा उचलतो. हे त्यानंच काढलं होतं, काल, खरवडून झाल्यावर, अंडी काढतोय असं समजून. डाग बघून.

त्यानं ब्रश धुतले, पुसले आणि बाईंना सांगितलं की मी शिकणं सोडलं. हे चित्र जाळून टाका. बाई म्हणाल्या, बरं. पण विद्यार्थ्याचं काम त्यांनी जन्मात कधी जाळलं नव्हतं, आणि आता या वयात तरी कशाला जाळतील.

६

त्यानंतर अकरा दिवस सगळं ठीक होतं. तो घरीच असायचा. पायऱ्या झाडल्या, नळाचा वायसर बदलला, खिडकीच्या चौकटींना रंग द्यायला काढला. धाकटीला त्यानं काही सांगितलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही. ती समजली की दादाचं मन मोडलं. डोळ्यांसमोर रोज चार चुका सुधारणाऱ्या माणसाला स्वतःची एक चूक सोसवत नाही, असं तिनं चष्म्याच्या दुकानात कुणाला तरी सांगितलंही.

बाराव्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली. तो खिडकीचा जुना रंग खरवडत होता. ऊन डावीकडून, खिडकीतून आत येत होतं. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि जेवायला चल म्हणाली.

पुढचं त्याला आठवतं ते एवढंच की तो खिडकीपाशी नव्हता. खोलीच्या मध्यावर होता. वजन डाव्या पायावर होतं, उजवी टाच उचललेली. खरवडायची पाती मुठीत होती, आणि मूठ अशी वळली होती जशी खरवडताना कधीच वळत नाही. त्याला धाकटी दिसत नव्हती. एक पिवळट डाग दिसत होता, त्याखाली त्याहून थंड एक, आणि मध्ये, गळ्याच्या खड्ड्यात, छोटासा गडद डाग, जिथं पुढचा फटकारा जाणार होता.

धाकटीनं केस सारखे करायला हात वर केला आणि विचारलं, असा काय बघतोयस. त्या आवाजानं डागाला चेहरा आला. तो खाली बसला. घाम असा आला की फरशीवर हाताचा ठसा उमटला. ती पाणी घेऊन आली, त्याच्या कपाळाला हात लावला, ऊन लागलं असेल म्हणाली. पाती तिनंच त्याच्या मुठीतून सोडवून घेतली. सोडवायला तिला दोन्ही हात लागले.

७

घर सोडून जायचा विचार त्यानं केला. पण तो स्वतःला ओळखत होता. कुठंही गेला तरी महिन्याभरात धाकटी शोधत आली असती, आणि दारात उभी राहिली असती. पोलिसांकडं जाऊन काय सांगणार, की मी अजून काही केलेलं नाही? सगळ्या वाटा त्यानं दोऱ्यानं मोजावं तशा मोजल्या आणि शेवटी एकच उरली. पाऊल हाताशिवाय काही करत नाही.

त्याच्या पाट्यांच्या जुन्या दुकानाला लोखंडी शटर होतं, जड, खालची पट्टी जाडजूड. भर दुपारी तो तिथं गेला, शटर वर ढकललं, उंबऱ्यावर रुमाल अंथरला आणि त्यावर उजवा हात ठेवला. बोटं नीट सरळ केली. या हातानं शहरातल्या निम्म्या दुकानांची नावं लिहिली होती. त्याला रडू आलं, आणि त्यानं डाव्या हातानं शटर खेचलं.

पहिल्या फटक्याला ते अर्ध्यात अडकून आलं. करंगळी आणि शेजारचं बोट चिरडलं, बाकी तीन शाबूत राहिली. त्यानं बघितलं, आणि तीन बोटांत सुरा धरता येतो हे त्याला कळलं. म्हणून त्यानं पट्टी पुन्हा वर केली. दुसऱ्यांदा हाडं मोडल्याचा आवाज आला तो ओल्या लाकडासारखा, आणि मग रक्त आलं. बाईंचं खरं होतं, ते तपकिरी होतं. तिसऱ्यांदा मनगट. शेजारचा कुलुपं दुरुस्त करणारा धावत आला तेव्हा हा चौथ्यांदा शटर वर करायच्या खटपटीत होता. अपघात झाला, असं त्यानं त्याला सांगितलं, आणि पडला.

८

इस्पितळात त्याला दोन महिने काढावे लागले. तीन बोटं काढली, मनगटात सळ्या घातल्या, मध्येच जखम चिघळली. धाकटी सकाळ-संध्याकाळ यायची, भरवायची, दाढीसुद्धा करायची. तिनं गालावरून वस्तरा फिरवला तरी त्याला काही वाटायचं नाही. तो सुखात होता, हे कुणाला खरं वाटलं नसतं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागत होती. धाकटी दारात उभी राहिली की त्याला धाकटीच दिसायची, चष्म्यासकट, डोकं एका बाजूला कललेलं. हा एवढा सौदा त्यानं कितीही वेळा केला असता.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, हात खाली लोंबू द्यायचा नाही, सूज येईल. छातीच्या वरच धरायचा. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरंशुभ्र बँडेज होतं.

धाकटी त्याला रिक्षातून घेऊन आली. दाराशी आल्यावर म्हणाली, इथंच थांब, मी हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही. एक गंमत आहे. ती आत गेली आणि काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. मग तिनं हाक मारली. तो बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला, हात वर धरून.

टेबलावर भिंतीला टेकवून एक चित्र उभं होतं, तागाच्या कापडात गुंडाळलेलं, वर सुतळी. खिडकी डावीकडं होती. धाकटी सुरीनं सुतळी कापत होती आणि तिच्या तोंडाला खळ नव्हता. दुपारची सुट्टी धरून ती दोन महिने बाईंकडं जात होती. तुझं चित्र अर्धवट पडलंय म्हणून दादा खचला, हे मला कळत नाही होय. बाईंनी ते नीट जपून ठेवलं होतं, त्यावरूनच तिनं ही नक्कल केली. त्यांनी तिला पद्धत शिकवली, चौकटी, पुठ्ठा, उलटं धरणं. तिला बरण्यासुद्धा काढायला लावल्या नाहीत. म्हणाल्या, अशी नजर तीस वर्षांत बघितली नाही.

"दादा, एका सुताचा फरक नाही," ती म्हणाली. "तूच मोजून बघ."

कापड खाली पडलं. रंग ताजा होता, जवसाच्या तेलाचा वास आला. चौक तोच. पण फरशीवर पडलेल्या माणसाला ओलांडून कुणीतरी पुढं आलं होतं, पूर्ण एक पाऊल. खांदे अरुंद होते. दंड उघडे होते, पण पुरुषाचे नव्हते. आणि दारात बाई नव्हती. दारात उभा होता तो कोण हे त्यानं नीट बघितलं नाही. त्यानं फक्त वर धरलेला हात बघितला, आणि हाताच्या टोकाला असलेला पांढराशुभ्र डाग.

"हा पांढरा कुठून आला?" त्यानं विचारलं.

"तुझ्याच चित्रात होता की," धाकटी म्हणाली. ती अजून चित्राकडंच बघत होती, खूश होऊन, मान किंचित कलती करून. "मला कळेना ते काय आहे ते. पण बाई म्हणाल्या, नाव विसर, डाग बघ."

त्याला मागं सरता आलं असतं. जिना मागंच होता. पण ती पोरगी पाठमोरी उभी होती, त्याच्यासाठी दोन महिने उन्हातून चालत गेलेली, आणि तिला एकटीला या खोलीत सोडून जायचं तर तिच्या हातात काय आहे हे आधी बघायला हवं होतं.

"बाळे," तो हळूच म्हणाला, "सुरी खाली ठेव."

"ठेवली की मघाशीच," धाकटी म्हणाली, आणि कमरेतून वळली.